आईंचा फोन खुला केला तेव्हा

आमच्या कंपनीने फोनची प्रणाली सगळ्या जगासाठी खुली करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जोरात विरोध मी केला. मीटिंगमध्ये मी जी कारणं दिली ती सगळी खरी होती आणि आजही मी त्यांवर वाद घालायला तयार आहे. पण विरोध त्या कारणांसाठी नव्हता. खरं कारण एका फाइलमधली मराठी ओळ होती. ती मीच लिहिली होती आणि ती माझ्या सासूबाईंबद्दल होती.

आधी कंपनीबद्दल सांगते. बॉनमध्ये ऱ्हाइनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं ऑफिस होतं. आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी फोन बनवायचो. बाहेरचं कवच आणि आतले सुटे भाग दुसरीकडून यायचे. फोनचा आतला सगळा कारभार जी चालवते ती प्रणाली मात्र आमची होती. अगदी पायाचा भाग जगभरात सगळे वापरतात तो, आणि त्यावरचं बांधकाम आमचं. त्यात माझ्याकडे स्पर्शाचं काम होतं. म्हणजे बोट काचेला लागलं की त्या माणसाला नेमकं काय करायचं आहे हे फोनला कळलं पाहिजे. तरुण माणसाचं बोट ओलसर असतं, ते टिचकी मारतं आणि निघून जातं. म्हाताऱ्या माणसाचं बोट कोरडं असतं. ते आधी थरथरतं, मग जोरात दाबलं जातं आणि मग काचेवरून उचलायचंच विसरतं. साध्या फोनला यातलं काही समजत नाही. त्याला ते कधी कळतच नाही, नाहीतर एकाच दाबाचे तीन दाब वाटतात.

या अभ्यासासाठी बाकीचे सहकारी वृद्धाश्रमात जायचे. मला जावं लागलं नाही, कारण माझी प्रयोगशाळा दर वर्षी पुण्याहून विमानाने घरी यायची.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या साताऱ्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर होत्या. सासरे गेल्यापासून त्या कोथरूडला दोन खोल्यांत एकट्या राहतात आणि दर वर्षी पाहुण्यांच्या व्हिसावर आमच्याकडे येतात. तो व्हिसा नव्वद दिवसांचा असतो, एक दिवसही जास्त नाही. त्यासाठी दर वर्षी मी किंवा माझ्या नवऱ्याने परदेशी लोकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डमध्ये, जाऊन एका कागदावर सही करायची असते. पाहुणीची सगळी जबाबदारी आमची, असं त्यात लिहिलेलं असतं. त्या कागदाचं जर्मन नाव मला अजूनही एका दमात म्हणता येत नाही.

पहिल्या वर्षी त्या आल्या तेव्हा आमची मुलगी चार महिन्यांची होती. नव्वद दिवस संपायला आठवडा राहिला असताना आई ट्रामच्या थांब्यापाशी ओल्या पानांवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलं, कचेरीने मुदत वाढवून दिली आणि अडीच खोल्यांच्या घरात आम्ही सगळ्यांनी मिळून तो हिवाळा काढला. मी घरून काम करत होते. बाळ रडायचं. आई डाव्या हाताने आमच्या कंपनीचा फोन चालवायला शिकत होत्या आणि दर पंधरा मिनिटांनी मला विचारत होत्या.

आता त्या ओळीकडे येते. प्रोग्रॅममध्ये दोन प्रकारचं लिखाण असतं. एक यंत्रासाठी. दुसरं माणसांसाठी, म्हणजे पुढे कुणी ते वाचायला बसलं तर इथे असं का केलं आहे ते त्याला कळावं म्हणून लिहिलेली टिपणं. यंत्र ती वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. नियमाने ही टिपणं इंग्रजीत लिहायची असतात. मी त्या हिवाळ्यात ती मराठीत लिहू लागले. ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच, आणि सगळा कारभार कंपनीच्या कुलपाच्या आत. कोण वाचणार होतं?

सुरुवातीची टिपणं अगदी शहाण्यासारखी होती. ‘आईंचं बोट कोरडं आहे, पहिला दाब लागत नाही, म्हणून इथे काच जास्त संवेदनशील केली आहे.’ मग हळूहळू माझा सूर बदलत गेला. ‘आईंनी आज पुन्हा चुकून माझ्या नणंदेला तीन वेळा फोन लावला. तीनदा वाजला तर आधी विचारा म्हणावं या यंत्राला.’ ‘आज फोनचा गजर वाजला तर कुकरची शिट्टी समजून आईंनी गॅस बंद केला.’ ‘हा आवाज इतका मोठा का? कारण या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही.’ मी हे लिहायचे, स्वतःशीच हसायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. हिशेबाने पाहिलं तर ती माझी रोजनिशीच होती, फक्त कंपनीच्या खर्चाने लिहिलेली.

आणि एका दुपारी ती ओळ आली. मी मोठ्या मीटिंगमध्ये होते, कॅमेरा चालू होता, आणि आई तिसऱ्यांदा माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘अगं, हे दाबून ठेवा म्हणतं, पण किती वेळ दाबून ठेवू?’ पडद्यावरची माणसं हसली, प्रेमानेच हसली, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीटिंग संपल्यावर मी त्या ‘दाबून ठेवा’च्या फाइलमध्ये दाबण्याची मुदत दुप्पट केली आणि वर लिहिलं, ‘किती दिवस राहणार आहेत या, कुणी सांगेल का?’

मग उठून त्यांच्यासाठी दूध गरम केलं.

पुढची वर्षं कशी बदलली हे मला नीट सांगता येत नाही. मनगट बरं झालं, त्या गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात परत आल्या. तेव्हा मला त्यांची मदत हवी होती, कारण फोनची नवीन आवृत्ती येणार होती. मी त्यांना टेबलाशी बसवून दाबायला लावलं. ही बाई फोनबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणते हे मला तेव्हा कळलं. फोनवर माणूस काय करतो, कधी घाबरतो, कधी खोटं बोलतो, हे त्यांनी आयुष्यभर कानाने ऐकलं होतं. एक्स्चेंजच्या गोष्टी त्या कांदा चिरता चिरता सांगायच्या. डोक्याला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्यांचे प्लग. ट्रंक कॉल बुक केलेला माणूस तासन् तास वाट बघायचा, आणि कॉल लागला की तीन मिनिटांनी ऑपरेटरने मध्ये बोलायचं असायचं. ‘तीन मिनिटं झाली. वाढवायची का?’

‘मग काय म्हणायचे लोक?’ मी विचारलं.

‘वाढवा म्हणायचे,’ आई म्हणाल्या. ‘बोलायचं संपलेलं असायचं गं. नुसते गप्प बसायचे दोन्ही बाजूंनी. तरी म्हणायचे वाढवा.’

‘तुम्ही ऐकत बसायचात?’

‘लाइन चालू आहे ना, बघावं लागायचं. कानावर यायचं सगळं. सोयरिकी मोडलेल्या कळायच्या, कोण गेलं ते घरच्यांच्या आधी कळायचं. पण कानातलं तोंडात येऊ द्यायचं नाही. बाजारात तीच बाई समोरून आली तरी नुसतं हसायचं.’

या गोष्टींसाठी मी त्यांच्या येण्याची वाट बघू लागले. माझ्या आईशी माझं पटतं, पण तिच्याशी मी इतकं हसलेली नाही. आता हे लिहिताना लाज वाटत नाही, तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

आणि मग कंपनीच्या मालकांनी जाहीर केलं की फोन बंद. यापुढे आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणार. विकलेले फोन चालतील तोवर चालतील, पण त्यांची दुरुस्ती आणि सुधारणा आता येणार नाहीत. ज्यांना फोनचं आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुधारणा थांबल्या की फोन लगेच मरत नाही. आधी चोराला आत शिरता येईल असं एखादं भोक उघडं राहतं, मग बँक त्याला ओळख दाखवेनाशी होते, मग व्हिडिओ कॉल लागत नाही. आईंकडे तोच फोन होता. दुसरा फोन त्यांना दोनदा देऊन पाहिला होता. दोन्ही वेळा तो कपाटात साड्यांच्या खाली गेला होता.

आमच्यात एक ज्येष्ठ सहकारी होता. पांढरी दाढी, बाराही महिने सायकल, दुपारी डब्यातून घरचा ब्रेड-लोणी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्याने मीटिंगमध्ये हात वर केला आणि म्हणाला, ‘आल्झो,’ म्हणजे तर मग, ‘विकायचं नसेल तर खुलं करू या. सगळा प्रोग्रॅम लोकांसमोर ठेवू. ज्याला हवं तो वाचेल, दुरुस्त करेल, पुढे चालवेल.’

मी लगेच बोलायला लागले. आपले ग्राहक म्हातारे आहेत, म्हटलं. उद्या कुणीही लबाड आपली प्रणाली उचलेल, तिच्यात दोन ओळी घालेल, हुबेहूब आपल्यासारखी दिसणारी प्रत वाटेल आणि त्यांची बँक साफ करेल. शिवाय सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. आज दहा जण उत्साहाने येतील, सहा महिन्यांनी कुणी फिरकणार नाही, आणि म्हातारी माणसं मात्र कुणीतरी बघतंय या भरवशावर राहतील. एकाच्या दहा आवृत्त्या होतील, प्रत्येकीची बटणं वेगळ्या जागी. कॅमेऱ्याचा आणि रेडिओचा भाग तर आपलाही नाही, तो बंदच राहणार. म्हणजे घर खुलं आणि दोन खोल्यांना कुलूप. मी छान बोलले. मालकांनी मान डोलावली.

सहकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो म्हणाला, ‘हे सगळं बरोबर आहे. पण भोकं आत्ताही आहेत. फक्त ती आपल्यालाच दिसतात, आणि उद्यापासून आपण बघणार नाही. चोर बंद दारातूनही येतो. खुलं असलं तर निदान शेजाऱ्याला दिसेल. आणि आपला फोन चोरून ऐकतो का, असं लोक मला विचारतात. आज मी म्हणतो, नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. खुलं केलं तर म्हणेन, स्वतः बघा.’ मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, ‘तुझ्या सासूबाईंच्या फोनचं काय करणार आहेस?’

मी म्हटलं, त्यांना नवीन घेऊ. कपाटातल्या साड्या मला डोळ्यांसमोर दिसत होत्या.

त्या वर्षीही आई आमच्याकडेच होत्या. संध्याकाळी जेवताना मी हा सगळा वाद त्यांना सांगितला, खरं कारण वगळून. मुलगी मध्येच जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, तिला पापड हवा होता. आईंनी तो दिला आणि म्हणाल्या, ‘आमच्याकडे सुपरवायझर असायच्या. त्या मागच्या खुर्चीवरून कुणाच्याही लाइनवर कान लावू शकायच्या. कधी लावतात ते कळायचं नाही. महिन्यातून एखादेवेळीच लावत असतील. पण त्यामुळे आम्ही सगळ्या जणी कायम नीट बोलायचो. तुमचंही तसंच की. सगळे थोडेच वाचणार आहेत? पण कुणीतरी वाचू शकतं म्हटलं की माणूस नीट लिहितं.’

मी ताटातली आमटी ढवळत बसले. नीट लिहिणारं माणूस म्हणे.

‘पण फसवणारे लोक?’ मी विचारलं.

‘ते राहतील. तेव्हाही होते, दुसऱ्याच्या नावाने कॉल बुक करणारे.’ मग म्हणाल्या, ‘माझा फोन चालू राहावा एवढंच मला वाटतं. त्याला माझं बोट कळतं.’

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये विरोध मागे घेतला. सहकाऱ्याने दुपारी त्याच्या डब्यातला अर्धा ब्रेड माझ्यासमोर ठेवला.

खुलं करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, निदान जर्मनीत तरी नव्हे. कंपनीच्या वकीलबाईंनी सगळा प्रोग्रॅम चाळून घेतला. दुसऱ्याचं चोरलेलं काही आपल्यात आलं नाही ना, कुणाचं नाव, पत्ता, परवलीचा शब्द राहिला नाही ना. आणि एक दिवस त्या छापील कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या. माझी सगळी मराठी टिपणं त्यात होती, एकाखाली एक, नीट क्रमांक घालून. प्रत्येकापुढे रिकामा रकाना. ‘यात काय लिहिलं आहे ते कृपया इंग्रजीत भरून द्या. गोपनीय काही नसलं की झालं.’

तो रकाना मी दोन दिवस भरत होते. गजर आणि गॅसच्या टिपणापुढे लिहिलं, ‘गजराचा सूर घरातल्या इतर आवाजांपासून वेगळा असावा.’ कुणी कुणाचं ऐकत नाही त्यापुढे लिहिलं, ‘घरातली पार्श्वभूमी गोंगाटाची.’ ‘किती दिवस राहणार आहेत या’पुढे बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी लिहिलं, ‘वापराचा कालावधी अनिश्चित.’ वकीलबाईंनी प्रत्येक ओळीपुढे बारीक खूण केली आणि मी वृद्धांचा इतका बारकाईने अभ्यास केल्याबद्दल माझं कौतुक केलं.

ती ओळ पुसायचा विचार आला नाही असं नाही. मी फाइल उघडली, बोट पुसायच्या कळीवर ठेवलं. पण आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद राहते. कुणी काढलं, कधी काढलं, का काढलं. आणि सहकाऱ्याने हट्टाने मंजूर करून घेतलं होतं की जुन्या नोंदींसकट सगळं खुलं करायचं, कारण का केलं हे कळलं नाही तर नुसत्या केलेल्याचा उपयोग अर्धाच. ओळ पुसली असती तर पुसलेली ओळ म्हणून जास्तच दिसली असती. मग मी स्वतःची समजूत घातली. लाखो ओळींतली एक ओळ, तीही मराठीत. मराठी वाचणारं या सगळ्यात येणार कोण?

ते माणूस माझ्याच स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवत होतं हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

खुलं झाल्याच्या आनंदात सहकारी एका रविवारी केक घेऊन आमच्याकडे कॉफीला आला. आईंनी त्याच्यासमोर चिवडा ठेवला. त्याने तो चमच्याने खाल्ला आणि तीनदा घेतला. आई ऑपरेटरच्या ठेवणीतल्या इंग्रजीत त्याच्याशी बोलल्या, प्रत्येक शब्द स्वतंत्र आणि खणखणीत. त्यांनी त्याला विचारलं की हा फोन मराठी का बोलत नाही. कंपनीला मी हेच वर्षानुवर्षं विचारत होते, आणि तो बाजार आपला नाही असं उत्तर यायचं.

‘आता कंपनीला विचारायची गरज नाही,’ तो म्हणाला. ‘तुम्हीच करा.’

त्याने तिथल्या तिथे माझ्या लॅपटॉपवर त्यांचं खातं काढून दिलं. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकामी जागा. आईंनी चष्मा लावला आणि त्या दिवसापासून त्या दर सकाळी दहा ते बारा ‘ड्यूटी’वर बसू लागल्या. मी ऑफिसातून आले की मला शब्द ऐकवायच्या. तातडीचा फोन. आवाज वाढवा. पुन्हा लावा. हवं तर मागे जा. काही ठिकाणी अडायच्या आणि मग इंग्रजीच ठेवायच्या. मिस्ड कॉलला मिस्ड कॉलच म्हणायचं, नाहीतर बायका घाबरतील, हा त्यांचा निकाल होता. त्या इतक्या खुशीत होत्या की मीही सगळं विसरले होते.

दहाव्या दिवशी त्यांच्या शेजारी चहा पीत बसले असताना मला दिसलं की एखादा शब्द कळला नाही तर आई त्यावर दाबतात. दाबलं की तो शब्द ज्या फाइलमध्ये वापरला आहे ती फाइल समोर उघडते. ‘तुझ्या मित्राने दाखवलं हे,’ त्या म्हणाल्या. ‘कुठे वापरलाय ते बघितलं की बरं पडतं.’

मी वरची यादी पाहिली. ‘दाबून ठेवा’पुढे हिरवी खूण होती. तो शब्द चार दिवसांपूर्वीच झाला होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच होता. त्यांनी विचारलं, ‘चहा निवला का गं?’ मी नाही म्हटलं. पुढचे दिवस मी त्यांचं प्रत्येक वाक्य उलटंपालटं करून पाहत होते. त्या पोळीवर तूप जास्त घालत होत्या की कमी, हेसुद्धा. मला सांगायचं होतं. आई, ते तेव्हाचं आहे, आता तसं नाही. तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा भाजीबद्दल बोलले. त्यांनी वाचलंच नसेल तर? मग मीच नेऊन दाखवल्यासारखं होईल. मी भित्री आहे, रागात शूर आणि बाकी भित्री.

त्यांनी बॅग चार दिवस आधीच भरायला घेतली. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर पाण्याची बाटली पिशवीत नीट बसवत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी नाही येणार बहुतेक. झालं आता. तुमचं तुम्हाला राहू द्यावं.’ मग मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि रांगेत गेल्या.

परतीच्या गाडीत ऱ्हाइनच्या काठाने मी रडत आले. समोरच्या बाईने टिश्यूचं पाकीट पुढे केलं. नवरा म्हणाला, गुडघे दुखतात तिचे, प्रवास झेपत नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. मग मी त्याला ती ओळ सांगितली. तो म्हणाला, ‘विचार ना तिला.’ जणू मी तेच करू पाहत नव्हते तीन आठवडे.

हिवाळाभर आईंचा फोन यायचा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. त्यांच्या फोनवर नवीन सुधारणा आली होती आणि तो आता मराठी बोलत होता, याचं त्यांनी सोसायटीत बरंच प्रदर्शन केलं होतं. बाकी मी दिलेली भीतीची कारणंही एकेक करून दार वाजवत होती. आमच्यासारखी दिसणारी खोटी प्रत एका ठिकाणी निघाली. ती एका अनोळखी माणसाने ओळखून कळवली, म्हणजे सहकारीही बरोबर आणि मीही बरोबर. एका बँकेने आमच्या फोनला दारात उभं करायचं नाकारलं. उत्साहाने आलेले दहा जण दोनावर आले. ते दोघे म्हणजे सहकारी आणि मी, फायरआबेंडनंतर, म्हणजे ऑफिस सुटल्यावर, फुकट. मी त्याला म्हणायचे, बघ, म्हटलं नव्हतं? तो म्हणायचा, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, आणि पुढची दुरुस्ती माझ्याकडे सरकवायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी, मी आलेले बदल बघत होते. आमचा नियम असा की कुणीही बदल सुचवला तरी दुसऱ्याने वाचून मान्य केल्याशिवाय तो आत जात नाही. स्पर्शाच्या भागाची वाचणारी मी. आईंच्या खात्यावरून एक बदल आला होता. उरलेले मराठी शब्द होते, वीसेक असतील. ते ठीक होते. त्यांच्या शेवटी आणखी एक फाइल होती, जिच्यात भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

‘दाबून ठेवा’ची फाइल. माझी ओळ तशीच होती. ‘किती दिवस राहणार आहेत या, कुणी सांगेल का?’ त्याखाली हिरव्या रंगात, म्हणजे नवीन, एकच ओळ घातलेली होती.

‘तीन मिनिटं झाली. वाढवायची का?’

मी बूट घातलेलेच होते. तशीच जमिनीवर बसले. सगळं ऐकून, सहा महिने कानात ठेवून, एक अक्षर तोंडातून न काढता, ही बाई प्लग हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि मुलगी दप्तर घेऊन दारात उभी राहून जर्मनमध्ये विचारत होती की आपल्याला उशीर होतोय का.

बदल मान्य करताना खाली एक चौकट असते. का मान्य केलं ते तिथे लिहायचं. मी लिहिलं, ‘वाढवा.’

मग मुलीला म्हटलं, होऊ दे उशीर. आणि तिथेच बसून आउसलेंडरबेहोर्डच्या पानावर जाऊन त्या जबाबदारीच्या कागदासाठी सगळ्यात जवळची तारीख घेतली.